कोरा कागद आणि सिस्टर : जर्नल क्लबची गोष्ट

एसटीत असाल, शेतात असाल, नाईट ड्युटीवर असाल, कुठेही असाल तर इअरफोन नीट लावा. आणि हा भाग ऐकण्याऐवजी वाचत असाल तर निवांत वाचा. आजची गोष्ट वाचनाचीच आहे.

सुरुवात आपल्या खान्देशातून करू. जळगाव जिल्ह्यातलं मुक्ताईनगर. जुनी माणसं अजूनही एदलाबाद म्हणतात. महामार्गावरचं गाव, आजूबाजूला केळीचे मळे, आणि जवळच चांगदेव, जिथे तापी आणि पूर्णा एकमेकींना भेटतात. या चांगदेवाची आणि मुक्ताईची एक कथा आपण लहानपणापासून ऐकतो. चांगदेव मोठे योगी. चौदाशे वर्षं जगलेले, असं परंपरा सांगते. त्यांना ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं. पण मायना काय घालायचा? वयाने ज्ञानेश्वर पोरगेलेसे, म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने मोठे. नमस्कार लिहावा, तर वयाचा मान आड येतो. शेवटी त्यांनी कोराच कागद पाठवला. तो कागद भावंडांनी एकत्र बसून पाहिला. आणि सगळ्यांत धाकटी मुक्ताई म्हणाली, एवढी वर्षं जगूनही हे कोरेच राहिले की! मग निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानेश्वरांनी उत्तर लिहिलं. तीच चांगदेव पासष्टी. पुढे चांगदेव मुक्ताईचे शिष्य झाले.

कथा श्रद्धेची आहे, तिचा पुरावा मी मागत नाही. पण तिच्यातलं चित्र बघा. मोठ्या माणसाकडून एक कागद आला. चार जण तो घेऊन बसले. आणि घरातल्या सगळ्यांत लहान बहिणीने, एका सिस्टरनेच म्हणा ना, न घाबरता विचारलं की यात आहे काय?

दवाखान्याच्या जगात नेमकी हीच गोष्ट करतात तेव्हा तिला जर्नल क्लब म्हणतात. आज आपण त्याचा इतिहास बघणार आहोत. आणि शेवटी एक प्रश्न विचारणार आहोत : तालुक्याच्या दवाखान्यातल्या सिस्टर लोकांचा असा क्लब निघू शकतो का, आणि निघाला तर टिकेल का?

आधी, हे असतं तरी काय?

सोपं आहे. जर्नल म्हणजे संशोधनाचं मासिक. जगात कुठे तरी कुणी तरी अभ्यास करतं, उदाहरणार्थ जखम कशाने धुतली तर लवकर भरते, आणि तो अभ्यास लेख म्हणून छापतं. त्याला आपण पेपर म्हणू. जर्नल क्लब म्हणजे एकाच जागी काम करणारी चार-आठ माणसं ठरलेल्या दिवशी जमतात, एक पेपर वाचतात आणि तीन प्रश्न विचारतात. यांनी नेमकं काय केलं? त्यावर विश्वास ठेवावा का? आणि उद्यापासून आपल्या वॉर्डात काही बदलायचं का?

बस्स. यात भाषण नाही, सत्कार नाही, हारतुरे नाहीत.

पावाच्या दुकानावरची खोली

आता लंडनला जाऊ. सेंट बार्थोलोम्यूज हे तिथलं फार जुनं हॉस्पिटल. १८३४ साली जेम्स पॅजेट नावाचा तरुण तिथे शिकायला आला. पुढे तो फार मोठा सर्जन झाला. हाडांच्या एका आजाराला आजही त्याचं नाव आहे. त्याच्या आठवणींमध्ये विद्यार्थ्यांच्या एका छोट्या क्लबचा उल्लेख येतो. हॉस्पिटलच्या फाटकाजवळ एक पावाचं दुकान होतं. त्याच्या वरची एक लहानशी खोली या मंडळींनी घेतली होती. तिथे बसून ते जर्नल वाचायचे. आणि संध्याकाळी काही जण पत्ते कुटायचे!

मला हा पत्त्यांचा तपशील फार आवडतो. कारण जर्नल क्लबची सगळ्यांत जुनी जी आठवण सांगितली जाते, तिच्यात पावाचा वास आहे आणि पत्त्यांचा डाव आहे. हुकूम काढून, शिक्का मारून ते सुरू झालेलं नव्हतं. पोरांना बसायला जागा नव्हती, ती त्यांनी शोधली.

दुसरी गोष्ट १८७५ सालची, कॅनडातल्या माँट्रियल शहरातली. विल्यम ऑस्लर तेव्हा पंचविशीतला प्राध्यापक होता. परदेशातली जर्नल महाग, एकट्याच्या पगारात परवडणारी नव्हती. मग त्याने मॅकगिल विद्यापीठात एक क्लब काढला. वर्गणी सगळ्यांची, जर्नल सगळ्यांची. आपल्याकडे गल्लीत पाच घरं मिळून एक पेपर घ्यायची ना, तसंच. पुढे ऑस्लर अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये गेला आणि १८८९ साली तिथेही त्याने जर्नल क्लब सुरू केला. तिथून ही पद्धत पसरत गेली. आज जगातल्या बहुतेक मेडिकल कॉलेजांत जर्नल क्लब असतो.

म्हणजे या गोष्टीचा जन्म श्रीमंतीत झालेला नाही. लंडनला जागा नव्हती, माँट्रियलला पैसे नव्हते. हे लक्षात ठेवा. पुढे कुणी म्हणालं की आमच्याकडे हॉल नाही, प्रोजेक्टर नाही, म्हणून जमत नाही, तर त्यांना ही पावाच्या दुकानाची गोष्ट सांगा.

पण एक प्रश्न राहतोच. त्या खोलीत नर्स कुठे होती?

कंदील आणि आकडे

नव्हती. तेव्हा नर्सचं काम म्हणजे हुकूम पाळणं, असंच समजलं जायचं. हे चित्र बदलायला जिने सुरुवात केली तिचं नाव तुम्हाला माहीत आहे. फ्लोरेन्स नाइटिंगेल. हातात कंदील घेतलेली बाई, शाळेच्या पुस्तकात आपण तिला एवढीच ओळखतो. पण तिचं दुसरं हत्यार होतं आकडेवारी. १८५४ साली ती क्रिमियन युद्धाच्या वेळी तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात गेली. परत आल्यावर तिने सैनिकांच्या मृत्यूचे आकडे मांडले. त्यातून दिसलं की लढाईतल्या जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या आजारांनी कितीतरी जास्त सैनिक मेले. हे मंत्र्यांना समजावं म्हणून तिने गोल आकाराचे आलेख काढले. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला सभासद करून घेतलं. हा मान मिळालेली ती पहिली बाई. आणि १८६० साली तिने सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये नर्सिंगची शाळा सुरू केली.

म्हणजे आधुनिक नर्सिंगचा पाया घालणारी बाई संशोधकच होती. पण पुढे कंदील लोकांच्या लक्षात राहिला आणि आकडे मागे पडले.

तरी नर्सेसनी आपली नियतकालिकं काढली. इंग्लंडमध्ये १८८८ साली, अमेरिकेत १९०० साली. आणि आपल्याकडे? १९०८ साली ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली आणि १९१० साली नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया निघालं. लक्षात घ्या, १९१०! शंभराहून जास्त वर्षं झाली. भारतातल्या नर्सकडे वाचायला स्वतःचं जर्नल तेव्हापासून आहे.

मग ते वाचत कोण होतं?

वाचणारी बाई

इथे महाराष्ट्रात यावं लागतं. भारतीय नर्सिंगच्या इतिहासात बाई काशीबाई गणपत हे नाव येतं. १८९१ साली नर्सिंगच्या प्रशिक्षणाला आलेली पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांची नोंद आहे. त्या काळी ही गोष्ट केवढी धाडसाची असेल! परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, जातपात न बघता मलमूत्र काढायचं, रात्री घराबाहेर राहायचं. घरंदाज म्हणवणाऱ्या घरांत यावर काय बोललं जात असेल, ते मी सांगायला नको.

पुढे पुण्यात रमाबाई रानडे उभ्या राहिल्या. १९०९ साली पुणे सेवासदन सुरू झालं आणि तिथल्या बायकांना नर्सिंग शिकायला ससून हॉस्पिटलमध्ये पाठवलं जाऊ लागलं. त्यांच्यात विधवा होत्या, घरच्यांनी टाकलेल्या होत्या. ज्या कामाला समाज नाक मुरडत होता, त्याच कामातून त्या पोटापाण्याला लागल्या.

रमाबाईंचा अनुभव या गोष्टीशी फार जुळतो. त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे त्यांना शिकवायचे. पण रमाबाई इंग्रजी शिकताहेत म्हटल्यावर घरातल्या बायकांनीच त्यांना घालूनपाडून बोलायला सुरुवात केली. त्यांनी स्वतःच्या आठवणींत हे लिहून ठेवलंय. वाचणारी बाई म्हणजे डोक्यावर बसणारी बाई, हा समज तेव्हा घरात होता. आणि खरं सांगू? तो अजून कुठे कुठे वॉर्डात आहे. एखाद्या सिस्टरने राउंडला विचारलं, सर, हे असं का करायचं, तर आजूबाजूच्या दोन-चार भुवया वर जातात.

त्यात माणसंच कमी. स्वातंत्र्याच्या आधी भोर समितीने देशाच्या आरोग्याचा हिशोब मांडला. तिचा अहवाल १९४६ साली आला. तेव्हा अख्ख्या हिंदुस्थानात नर्सेस होत्या साधारण सात हजार. त्रेचाळीस हजार लोकांमागे एक नर्स! जी बाई एकटी एवढ्यांचं बघतेय, तिला तुम्ही कोणत्या तोंडाने म्हणाल की बस आणि पेपर वाच?

म्हणून मला वाटतं, जर्नल होतं पण क्लब नव्हता, याचा दोष आळसाला देता येत नाही. वेळ नव्हता, भाषा इंग्रजी होती, आणि विचारायची मुभा नव्हती. ही तिन्ही कुलपं आजही पूर्ण उघडलेली नाहीत.

कागदाशिवायचा क्लब

पण महाराष्ट्रातच एक गोष्ट घडली, जिने हे कुलूप दुसऱ्या बाजूने उघडलं.

अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे तेव्हाचा नगर जिल्हा, तालुका जामखेड. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या जोडप्याने तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघंही शिकून आले होते जॉन्स हॉपकिन्सहून. हो, ऑस्लरने जिथे जर्नल क्लब काढला, तेच. त्यांनी आधी गावात प्रशिक्षित नर्स-दाया पाठवून पाहिल्या. ते नीट बसलं नाही. बाहेरून आलेल्या शिकलेल्या मुलीचं गाव ऐकेना. मग त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याच जणींना अक्षरओळखही नव्हती.

या बायका दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या. आणि एकमेकींना काय सांगायच्या? माझ्या गावात अमकीचं बाळ असं दगावलं. मी हे केलं, ते चुकलं. तुझ्याकडे काय झालं? त्यातून शिकायच्या आणि परत गावी जायच्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक हे बघायला येऊ लागले.

जर्नल नव्हतं, कागद नव्हता. पण क्लब होता! ठरलेला वार, ठरलेली जागा, सगळ्यांना बोलायची मुभा, आणि परत गेल्यावर करून बघायची सक्ती. जर्नल क्लबचा जीव कुठे असतो ते जामखेडने दाखवून दिलं. तो त्या बैठकीत असतो.

दुसरी गोष्ट गडचिरोलीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग. हे दोघंसुद्धा हॉपकिन्सला शिकून आलेले. त्यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला ऊब कशी द्यायची, वजन कसं करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, गरज पडली तर इंजेक्शन कसं द्यायचं. एकोणचाळीस गावांत हे केलं आणि सत्तेचाळीस गावांशी तुलना केली. १९९९ च्या डिसेंबरमध्ये लॅन्सेट या जगप्रसिद्ध जर्नलमध्ये त्याचा पेपर छापून आला. नवजात बाळांचे मृत्यू बासष्ट टक्क्यांनी कमी झाले होते.

जरा थांबा आणि विचार करा. जगभरच्या मोठमोठ्या हॉस्पिटलांत डॉक्टर जो पेपर वाचतात, त्यातलं काम गडचिरोलीच्या खेड्यातल्या बायकांच्या हातांनी झालेलं आहे. ज्ञान नेहमी तिकडून इकडे येतं असं नाही. इथूनही तिकडे जातं. मग ते वाचायचा हक्क इथल्या सिस्टरला नसेल तर कुणाला?

चला, एक पेपर वाचून बघू

आता प्रत्यक्षच करून बघू. कल्पना करा. मुक्ताईनगरसारख्या गावातला सरकारी दवाखाना. दुपारचे दोन वाजत आलेत. सकाळची ड्युटी संपतेय, दुपारची सुरू होतेय, ओव्हर देणं-घेणं चाललंय. पाच सिस्टर पंधरा-वीस मिनिटं जास्त थांबतात. विषय काय? रोजचाच. सलाईनची सुई, म्हणजे हाताला लावून ठेवतात ती नळी.

बऱ्याच ठिकाणी पद्धत अशी की तीन-चार दिवस झाले की ती काढायची आणि नवी टोचायची, जुनी चांगली चालत असली तरी. म्हाताऱ्या आजीची शीर सापडत नाही, दोनदा-तीनदा टोचावं लागतं, आजी कळवळते. तर हे खरंच गरजेचं आहे का?

२०१२ साली लॅन्सेटमध्ये एक पेपर आला. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधला. आणि त्याची प्रमुख संशोधक क्लेअर रिकार्ड ही स्वतः नर्स आहे. तीन हजार दोनशे त्र्याऐंशी रुग्ण. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटात ठरावीक दिवसांनी सुई बदलायची. दुसऱ्या गटात गरज पडली तरच, म्हणजे सूज आली, दुखलं, बंद पडली तर. निकाल? शिरेला सूज येण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच, सात टक्के.

झालं! पहिली सिस्टर म्हणेल, म्हणजे आपण उगीच टोचत होतो.

थांबा. आता दुसरी सिस्टर, आपली मुक्ताई, विचारेल : ताई, ते सगळं खरं, पण तिथे सुईची जागा रोज नीट बघायला माणूस असेल. आपल्याकडे रात्री एका सिस्टरमागे किती पेशंट असतात?

अगदी बरोबर प्रश्न. आणि तिसरी म्हणेल, या विषयावर आणखी कुणी काही लिहिलंय का बघू. शोधलं तर सापडतं की २०२१ साली स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाच्या हॉस्पिटलांचा पेपर आला. त्यांनी नियम बदलून गरज पडली तरच सुई बदलायची असं केलं, आणि रक्तातला जंतुसंसर्ग वाढलेला दिसला. चार लाखांहून जास्त सुयांची नोंद होती त्यात. मग त्यांनी जुना नियम परत आणला.

आता काय करायचं? एक पेपर हे म्हणतो, दुसरा ते. तर पहिल्यात रुग्ण वाटून दिले होते, म्हणून तुलना जास्त पक्की. पण रक्तातला संसर्ग ही क्वचित होणारी गोष्ट, ती दिसायला तीन हजार रुग्ण कमी पडतात. दुसऱ्यात आकडा प्रचंड मोठा, पण ती आधीची आणि नंतरची तुलना, मध्ये इतर काही बदललं असेल तर कळत नाही. पाच जणी बोलतात आणि शेवटी ठरतं : आपण आज नियम बदलायचा नाही. पण एक गोष्ट आजपासून नक्की. प्रत्येक पाळीत सुईची जागा बघायची, आणि लावल्याची तारीख-वेळ पट्टीवर लिहायची. महिन्याने परत बसू आणि किती जणांची शीर सुजली ते मोजू.

हा झाला जर्नल क्लब. कुणी कुणाची परीक्षा घेतली नाही. डॉक्टरांचा अपमान झाला नाही. आजीच्या हाताचा मात्र विचार झाला. आणि मोजायचं ठरलं. नाइटिंगेलने तेच केलं होतं ना?

मग हे क्लब बंद का पडतात?

सुरू करणं सोपं, टिकवणं अवघड. पहिल्या महिन्यात बारा जणी येतात, दुसऱ्या महिन्यात सहा, तिसऱ्या महिन्यात बॅनर तेवढा उरतो.

यावरही लोकांनी अभ्यास केलाय. १९९५ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या जर्नल क्लबांची पाहणी छापून आली. कोणते क्लब दोन वर्षांहून जास्त टिकतात आणि कुठे हजेरी चांगली असते? जिथे हजेरी सक्तीची होती, जिथे क्लब वरिष्ठांच्या छायेबाहेर स्वतंत्र चालत होता, जिथे गट लहान होता, आणि हसू नका, जिथे खायला मिळत होतं! पॅजेटची खोली पावाच्या दुकानावर होती हे उगीच नाही. आपल्याकडे भरीत-भाकरी नको, चहा आणि शेव-मुरमुरे पुरे.

२००८ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. त्याचं सार असं : दिवस ठरलेला हवा. चालवणारं माणूस तयारीचं हवं. पेपर आधी हातात पडायला हवा. वाचताना प्रश्नांचा एक ठरलेला साचा हवा. आणि आपण का जमतोय ते सगळ्यांना माहीत हवं.

आता हे सगळं आपल्या मातीत कसं रुजवायचं? मला सुचतं ते सांगतो.

पहिलं, प्रश्न वॉर्डातून घ्या. आधी पेपर शोधून मग बसू नका. या आठवड्यात तुम्हाला काय खटकलं? तिथून सुरुवात. बाळाला जन्मल्याबरोबर आंघोळ घालायची की थांबायचं? जागतिक आरोग्य संघटना सांगते, चोवीस तास थांबा. का सांगते? घ्या, एका बैठकीला पुरेल एवढा विषय झाला.

दुसरं, मराठीत बोला. पेपर इंग्रजीत असू द्या, चर्चा आपल्या भाषेत. एकीने आधी वाचून त्याचा सारांश मराठीत अर्ध्या पानावर लिहायचा. मुक्ताईनगरकडची लेवा बोली असो नाहीतर धुळ्याकडची अहिराणी, ज्या भाषेत आपण घरी भांडतो त्याच भाषेत खरा प्रश्न सुचतो.

तिसरं, पाळी लावा. दर महिन्याला वेगळी सिस्टर मांडणार. एएनएम असो, स्टाफ नर्स असो की इन्चार्ज, त्या दिवशी मांडणारी मोठी. एकाच हौशी बाईवर सगळं टाकलं तर तिची बदली झाली की क्लबही तिच्याबरोबर जातो. सरकारी नोकरीत बदली ठरलेलीच असते, म्हणून क्लब माणसावर उभा करू नका, वहीवर उभा करा. एक वही. तारीख, प्रश्न, काय वाचलं, काय ठरलं. नवी येणारी सिस्टर ती वही उघडून पुढचं पान लिहील.

चौथं, वेळ ड्युटीतच धरा. बायकांना घरी गेल्यावर दुसरी ड्युटी असते, हे तुम्हाला-मला ठाऊक आहे. संध्याकाळी ऑनलाइन जोडून घ्या म्हणणं सोपं. कुकरची शिट्टी कोण मोजणार? अधिसेविका मॅडमनी महिन्यातून पाऊण तास ड्युटीत दिला, तर क्लबचं अर्धं आयुष्य तिथेच वाढतं.

आणि पाचवं, दरवेळी एक तरी गोष्ट ठरवून उठा. काही बदलायचं नाही असं ठरलं तरी ते लिहा. नुसतं छान झालं म्हणून उठलात, तर पुढच्या वेळी कुणी येणार नाही.

कुलूप आणि किल्ली

राहता राहिला पेपर मिळण्याचा प्रश्न. ऑस्लरची अडचण आठवते? जर्नल महाग. दीडशे वर्षं झाली, अडचण तीच.

पण काही दारं उघडली आहेत. १९९७ साली पबमेड इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट झालं. जगातल्या वैद्यकीय पेपरांचे सारांश त्यावर शोधता येतात, आणि बरेच पेपर पूर्णही वाचायला मिळतात. २०२५ च्या जानेवारीपासून आपल्या केंद्र सरकारने एक राष्ट्र एक वर्गणी ही योजना सुरू केली. तीस प्रकाशकांची जवळपास तेरा हजार जर्नल सरकारी उच्च शिक्षण संस्थांना खुली झाली. ऑस्लरचीच कल्पना, फक्त वर्गणी अख्ख्या देशाची. सरकारी मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींना याचा मोठा फायदा आहे.

पण नीट ऐका. योजना शिक्षण संस्थांसाठी आहे. तालुक्याचा दवाखाना ही शिक्षण संस्था नाही. म्हणजे जिल्ह्याच्या कॉलेजातली विद्यार्थिनी पेपर उघडू शकते, आणि तीच मुलगी नोकरी लागून तालुक्याला आली की दार बंद. ज्या दिवशी तिला खऱ्या पेशंटसमोर उभं राहायचंय, नेमकं त्या दिवशी! इथे भांडायला हवं. आणि भांडण लागेपर्यंत एक साधा मार्ग आहे. कॉलेज आणि तालुक्याचा दवाखाना यांची जोडी लावायची. तालुक्याने प्रश्न पाठवायचा. विद्यार्थिनींनी वाचून सारांश करायचा, आणि महिन्यातून एकदा दोघींनी एकत्र बसायचं. तालुक्याकडे प्रश्न असतात, कॉलेजकडे जर्नल असतात. एकमेकांची गरज दोघांना आहे.

शेवटी, परत तापीकाठी

मंडळी, ही गोष्ट नुसती नर्सेसची नाही. तुमच्यापैकी कुणी शिक्षक असेल, कुणी कृषी सहायक, कुणी वायरमन. प्रत्येक कामात वरून एक कागद येतो आणि तो पाळायचा असतो. पाळण्याआधी तो चार जणांनी मिळून वाचायचा असतो, ही सवय आपल्याला कुणी लावली नाही.

पण दवाखान्यात या सवयीला जास्त किंमत आहे. डॉक्टर राउंड घेऊन जातात. रात्री तीन वाजता बाळाचे हातपाय गार पडताहेत, हे आधी कळतं ते सिस्टरला. त्या क्षणी तिला काय माहीत आहे, आणि ते बोलायची तिला सवय आहे का, यावर एक जीव अवलंबून असतो. महिन्यातून पाऊण तास विचारायची सवय झालेली बाई, त्या रात्री फोन उचलून ठामपणे सांगेल : सर, तुम्ही आत्ता या.

चांगदेवांच्या कागदावर काही लिहिलेलं नव्हतं. आपल्याकडे आलेले कागद भरलेले आहेत, पण वाचलेच नाहीत तर ते कोऱ्यासारखेच. सातशे वर्षांपूर्वी घरातल्या सगळ्यांत धाकट्या बहिणीने तोंड उघडलं, आणि मोठ्या भावांनी तिला गप्प केलं नाही. म्हणून तर पासष्टी लिहिली गेली.

तुमच्या ओळखीची एखादी सिस्टर असेल, आई, मावशी, वहिनी, मैत्रीण, तर हा भाग तिला पाठवा. आणि ती म्हणाली ना, की अगं, वेळ कुठे आहे, तर तिला एवढंच विचारा : या आठवड्यात वॉर्डात तुला काय खटकलं?

तिचं उत्तर म्हणजे त्या वहीतलं पहिलं पान.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या. राम कृष्ण हरी!